चर मोबाईल शॉपी

राजेहो, माह्या दुकानात एक ड्रॉवर हाय. त्याच्यात जुने चार्जर, तुटलेले कव्हर, कोनाचं तरी राह्यलेलं सिमकार्ड, सारं पडून हाय. कोनं टाकलं, कवा टाकलं, कोनाले आठवत नाही. पन आता ड्रॉवर लागत नाही. किस्स्याइचंही तसंच असते. मंगरूळच्या बसस्टँडच्या मागं आमची तीन दुकानं अन् एक कायमचं बंद शटर. त्या शटरच्या ओट्यावर बसून बसून इतके किस्से साचले, का आता कोनाले तरी सांगतल्याशिवाय जीव हलका होत नाही!

पयलं दुकान माहं. मी सुगत. लोक अजून मिसकॉल मारून काम भागवत होते, तवा मी हे दुकान टाकलं अन् हौसेनं नाव ठेवलं, 'फ्युचर मोबाईल शॉपी'. बाबा होते तवा. म्हने, "फ्युचर म्हनजे काय रे?" मी म्हनलं, "बाबा, फ्युचर म्हनजे पुढचं सारं चांगलं!" बाबा खूश. उद्घाटनाले पांढरेशुभ्र कपडे घालून आले अन् दिवसभर गिऱ्हाइकाइले पानी देत बसले.

मागच्या उन्हाळ्यात वारं सुटलं अन् बोर्डावरचं 'फ्यु' पडलं. खाली आलं थे तुकडे होऊनच आलं. राह्यलं काय? 'चर मोबाईल शॉपी'! चर म्हनजे, वावरात पानी मुरवायले खोदतात ना, थो.

शेजारचा सलीमभाई बाहेर आला. वरती पाह्यलं, हळूहळू वाचलं, 'फ्यु'चे तुकडे गोळा करून माह्या हातात देले अन् म्हने, "सुगतभाऊ, तुमचं फ्युचर तं गेलं. आता चरातून सांभाळून चाला!"

तवापासून मी सगळ्या बसस्टँडचा 'चरवाले भाऊ'.

* * *

हा सलीमभाई म्हनजे आमच्या लायनीतलं दुसरं दुकान. 'न्यू बहार रेडिओ'. रेडिओ अन् टेप दुरुस्त करते. मी दुकान टाकलं तवा मले त्याची कीव ये. म्हनलं, बिचारा आज ना उद्या शटर पाडते. अन् आता? आता माह्या दुकानात माशा अन् त्याच्या दुकानात मानसं!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी त्याच्यावर जळतो. बायको म्हनते, "काहून जळता तुमी त्या गरीब मानसावर?" हो, जळतो! गरीब मानसावर जळू नये असा काय कायदा हाय काय?

सुरुवात झाली थे वाशिमच्या एका कॉलेजच्या पोट्ट्यापासून. केसं वाढवलेले, डोळ्यावर गोल चष्मा. सलीमभाईच्या दुकानात घुसला अन् म्हने, "अंकल, रेट्रो आहे का?"

सलीमभाईनं कानावरची पेन्सिल काढली, बसस्टँडकडं दाखवली अन् म्हने, "बेटा, मेट्रो नागपूरले. मंगरूळले एसटीच हाय. थे पाय, मानोऱ्याची लागली फलाटावर."

पोट्टं हासू हासू बेजार! त्यानं सलीमभाईले पुन्हा तेच बोलायले लावलं, व्हिडिओ काढला अन् टाकला. आता पाहा. फोन माह्या दुकानातला. रिचार्ज माह्या दुकानातला. अन् गिऱ्हाईक कोनाकडं गेलं? सलीमभाईकडं! अकोला, पुसद, कारंजा, कुठून कुठून पोट्टे याले लागले. आले का पयले विचारत, "अंकल, मेट्रो है क्या?" अन् हा हासत हासत टेप काढून दे.

रस्ता विचारायले मात्र माह्याकडं येत. "काका, ते रेट्रोवाले अंकल कुठं बसतात?"

काका! तो अंकल, अन् मी काका!

* * *

आता तुमाले वाटन, सलीमभाई मोठा कारागीर असन. कायचा कारागीर! त्याचा अर्धा इलाज म्हनजे थापड.

एक रिटायर्ड साहेब कारंज्याहून जुना रेडिओ घेऊन आले. कपड्यात गुंडाळून, मांडीवर धरून आनलेला. सलीमभाईनं त्याले कान लावला, फुंकर मारली, मागून पाह्यलं, पुढून पाह्यलं. मंग एक थापड मारली. खर्र झालं अन् बातम्या सुरू! साहेबाच्या डोळ्यात पानी. म्हने, "हात आहे का जादू!"

मी ओट्यावरून हे पाहून राह्यलो होतो. म्हनलं, मी एवढे कोर्स केले, भिंगातून पाहून पाहून डोळे गेले, मले कोनी जादू नाही म्हनलं. अन् हा थापडीवर साहेबाले रडवून राह्यला!

त्याच दिवशी एका बाईचा फोन हँग झाला. काही केल्या चालू होईना. डोक्यात थापडच फिरून राह्यली होती. देली मी एक ठेवून! काचेवर निरी जाळी पडली! नवी काच फुकट बसवून द्या लागली.

सलीमभाई काच पाहून म्हने, "सुगतभाऊ, थापड कोनालेही मारता येते. पन ज्याले मारली त्याले सोसली पायजे!"

* * *

गिऱ्हाईक गेलं त्याचं एवढं नाही. माही पोरगी गेली, थे लागलं.

प्रज्ञा माही एकुलती एक. कॉम्प्युटर इंजिनियर झाली, पुन्याले कंपनीत लागली. मी साऱ्या लायनीले पेढे वाटले. म्हनलं, हे पाहा फ्युचर! अन् एका सकाळी कंपनीनं तिले कॉम्प्युटरवरच सांगतलं, का आता तुमचं काम मशीन करन, तुमची गरज नाही. तिनं काही विचाराव तेवढ्यात तिकडून कॉल बंद झाला. पोरगी बॅगा घेऊन घरी आली.

आली थे नुसती बसून राहे. जेवे, झोपे, छताकडं पाहे. हासनं तं बंदच. लहानपनी इतकी हासे का शेजारचे येऊन विचारत, "काय झालं वं?" त्या पोरीचं घर निरा मुकं झालं. मी म्हनलं, "बेटा, माह्या दुकानात येऊन बस. दोघं मिळून चालवू. तुहं डोकं, माहं काउंटर. फ्युचर..."

"पप्पा, फ्युचरचं नाव नका काढू," म्हने. "बोर्डावरूनही गेलं पाहा थे."



मंग एक दिवस तिच्या आईनं तिले आपला जुना टेप घेऊन सलीमभाईकडं पाठवलं. टेप संध्याकाळी घरी आला. पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मंग रोजच जाले लागली. तिच्यासाठी सलीमभाईनं एक लाकडी स्टूल काढला, पुसला, वरती उशी टाकली. पोरगी स्टुलावर बसून कॅसेटमध्ये पेन्सिल घालून गरगर फिरवे.

अन् एका दुपारी त्याच्या दुकानातून हासू ऐकू आलं. मले वाटलं, रेडिओवर कोनी हासून राह्यलं. डोकावून पाह्यलं तं प्रज्ञा!

खरं सांगू राजेहो? आनंद व्हाले पायजे होता. अन् झालाही. पन त्याच्या खाली अशी आग पेटली का विचारू नका. माही पोरगी, माह्या घरात नाही, माह्या दुकानात नाही, अन् हासते कुठी? तं न्यू बहार रेडिओत!

संध्याकाळी मी तिले विचारलं, "त्या भंगारात काय ठेवलं वं बेटा?"

म्हने, "पप्पा, टेप बिघडला तं उघडून पाहता येते, कायनं बिघडला. माही नोकरी कायनं गेली थे मले कोनं उघडून दाखवलं काय?"

मी जेवनाचं ताट तसंच ठेवून हात धुतले.

अन् याच्यावर कडी पाहा. तिनं सलीमभाईसाठी पाटी रंगवली. 'इथं रेट्रो रेडिओ अन् टेप मिळतात. मेट्रो नागपूरले.' काय सुंदर अक्षर! 'इथं'वरचं टिंब तं असं गरगरीत का दूरून दिसे. तिचं टिंब लहानपनापासून तसंच. शाळेतल्या बाई म्हनत, "प्रज्ञा, टिंब देते का टिकली लावते?" लोक पाटीजवळ उभे राहून फोटो काढत. अन् बापाच्या बोर्डावरचं अक्षर पडून उन्हाळ्याचा हिवाळा झाला, पोरीनं एकडाव मान वर करून पाह्यलं नाही!

* * *

मंग मी ठरवलं, आपनही गिऱ्हाईक बांधून ठेवाचं. तेवढ्यात इंझोरीचे नामदेवकाका आले. त्याइची माय धाकट्या भावाकडं मानोऱ्याले राहते. रोज मायशी बोलल्याबिगर काकाले घास जात नाही. पन डोळ्याले नंबर दिसत नाही. मी त्याइले नवा फोन देला. म्हनलं, "काका, बटन दाबाचंच नाही. नुसतं बोलाचं, फोन आपोआप लागते."

काका दुकानाच्या मधात उभे राह्यले, फोन तोंडापुढं धरला अन् ओरडले, "मायले फोन लाव!"

फोन लागला. काका खूश. "माय, जेवली का वं?"

तिकडून जाडा आवाज आला, "जेवलो. कोन बोलून राह्यलं?"

"आवाज काहून बसला वं तुहा? गोळी घेतली का?"

"गोळी नाही घेतली, तंबाखू घेतली!"

"तंबाखू?" काकाचे डोळे पांढरे झाले. "माय! या वयात तू तंबाखू खाते?"

मी फोन हिसकून पाह्यला. काकाच्या फोनमध्ये ट्रॅक्टरवाल्या मेकॅनिकचा नंबर होता, 'मायलेज गॅरेज'. काका म्हनले 'मायले', फोननं ऐकलं 'मायलेज'!

बाजूच्या दुकानातून प्रज्ञा हासताना ऐकू आली. तिकडूनच.

मी म्हनलं, "काका, याले आपली बोली समजत नाही. तुमी 'आईला फोन लाव' असं म्हना."

काका असे तापले! "फोनसाठी मी मायले आई म्हनू? फोन बदल तू! माय नाही बदलत मी!"

अन् गेले सलीमभाईकडं. तिथं त्याइले बटनाचा फोन भेटला. एक बटन दाबलं का माय. बरं, तो फोन कुठचा माहीत हाय? माह्याच दुकानातला! बटनाचे जुने फोन मीच पोतंभर त्याले फुकट देले होते. म्हनलं होतं, "घे सलीमभाई, कचरा हाय, पार्ट-गिर्ट कामात येतीन." आता तोच कचरा लोक छातीशी धरून घेऊन जातात, अन् मी ओट्यावर बसून पाहतो.

एवढं मात्र हाय का तो गॅरेजवाला अजूनही मधातमधात काकाले फोन करते. म्हनते, "काका, आज तंबाखू नाही खाल्ली."

* * *

तिसरं दुकान म्हनजे शेवंताबाईची चहाची टपरी. तिथं सलीमभाईनं एक टेप लावून देला. लोक गाने ऐकत बसत, एकाच्या ठिकानी दोन चहा घेत. शेवंताबाई सलीमभाईचे गुन गाता थकत नव्हती. मले काही सहन होईना. मी तिले नवाकोरा ब्लूटूथ स्पीकर नेऊन देला.

"वायर नाही, कॅसेट नाही, हे वाजते कसं भाऊ?"

"याले म्हनतात फ्युचर, शेवंताबाई!"

दाखवायसाठी समोर चहा पेत बसलेल्या एका एसटी कंडक्टरचा फोन मी त्याले जोडून देला. गानं वाजलं, लोकाइनं माना डोलावल्या. मी कॉलर ताठ करून दुकानात आलो.

दुसऱ्या दिवशी तोच कंडक्टर चहा प्याले आला. फोन खिशात, अन् तिकडं स्पीकरनं त्याले ओळखलं! तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. यानं फोन कानाले लावला, अन् बाई साऱ्या बसस्टँडवर कडाडली, "कुठी हा तुमी?"

हा गडबडला. स्पीकर कसा बंद कराचा थे कोनाले येते? म्हने, "गाडीत हाव. घाटात हाव. ऐकू येत नाही."

"घाटात हा, तं कपबशा काहून वाजून राह्यल्या? अन् काल डब्यातली भाजी कोनाले देली? मले सारं मालूम हाय!"

फलाटावरची मानसं उठून टपरीजवळ आली. मंगरूळ-मानोरा गाडीतला एक म्हतारा खिडकीतून मुंडकं काढून ओरडला, "सूनबाई, भाजीचं नंतर पाय! पयले आमची गाडी सोडायले सांग याले!"

शेवंताबाईनं स्पीकर फडक्यात गुंडाळून माह्या काउंटरवर आनून ठेवला. "भाऊ, हे तुमचं फ्युचर तुमच्यापाशीच राहू द्या. टेप कोनाच्या घरच्या भानगडी तं सांगत नाही."

अन् बाजूच्या दुकानातून पुन्हा तेच हासू. मले आता त्या हासन्यावरून समजे, का पोरगी स्टुलावर हाय का दारात आली.

त्या रात्री बायकोले म्हनलं, "एकडाव. फक्त एकडाव माह्या दुकानात येऊन हासू दे तिले. मंग जाऊ दे तिकडं." बायकोनं नुसता माह्या पाठीवर हात ठेवला.

* * *

अन् आता हे शेवटचं.

सकाळी मी दुकान उघडलं, झाडलं, काउंटर पुसला. वरती कोन पाहते? तेवढ्यात मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा एक मानूस फटफटी लोटत लोटत आला. घामानं निथळून राह्यला होता. गाडी बरोबर माह्या दारात उभी केली.

"भाऊ, मोबाईल पंचरवाले तुमीच ना?"

"काय?"

"अवो, फोन केला का तुमीच जागेवर येता ना? आधी मालूम असतं तं कायले लोटत आनली असती इथपर्यंत!"

मी म्हनलं, "बापा, हे मोबाईलचं दुकान हाय."

"थेच तं म्हनून राह्यलो मी! बोर्डावर लिवलं हाय ना. पंचर मोबाईल शॉपी!"

मी बाहेर येऊन वरती पाह्यलं. 'चर'च्या आधी जी रिकामी जागा होती, तिथं खडूनं कोनं तरी 'पं' लिवलं होतं. पंचर मोबाईल शॉपी!

डोक्यात अशी तिडीक गेली! खडू साऱ्या लायनीत एकाकडंच. दुरुस्त झालेल्या रेडिओवर खूण कराले सलीमभाई खडूच वापरते. मी सरळ त्याच्या दुकानात घुसलो. "सलीमभाई! गिऱ्हाईक नेलं, नेलं. पोरगी नेली, नेली. आता माह्या नावाचीही चेष्टा करता? माह्या बाबानं ज्या नावासाठी लोकाइले पानी पाजलं, त्याचं तुमी पंचर केलं?"

सलीमभाई उभाच राह्यला. हातातला पाना खाली ठेवला. "खुदा कसम, सुगतभाऊ! मी उर्दू शाळेत शिकलेला मानूस. मराठी वाचतो तेच लय झालं. अन् मले लिवता आलं असतं ना, तं मी 'फ्यु' लिवलं असतं."

माही नजर स्टुलाकडं गेली. स्टूल रिकामा होता.

अन् मागून हासू ऐकू आलं. त्याच्या दुकानातून नाही. माह्या!

धावत गेलो. प्रज्ञा माह्या काउंटरवर डोकं टेकून हासून राह्यली होती. अशी हासून राह्यली होती का कडेला टांगलेले चार्जर हालत होते. बोटाइले खडू लागलेला, तो गालाले लागलेला. तांड्यावरचा मानूस गाडी धरून तसाच उभा. "बाई काहून हासून राह्यल्या भाऊ? पंचर निंघत नाही काय?"

मी पुन्हा बोर्डाकडं पाह्यलं. 'पं'वरचं टिंब टिकलीएवढं होतं. गरगरीत.

"निंघते ना," मी म्हनलं. "काहून नाही निंघत? बस तू!"

शेवंताबाईनं घमेल्यात पानी भरून आनलं. सलीमभाईनं पाने देले. ट्यूब काढता काढता माहे हात काळे झाले. प्रज्ञानं ट्यूब घमेल्यात दाबली, हळूहळू फिरवली, अन् एका जागी बुडबुडे आले. "पप्पा, हे पाहा! इथून गेली हवा!" असं म्हनली, जसं काय सोनं भेटलं. मी म्हनलं, "हो बेटा, दिसलं."

त्या दिवशी ती माह्याच काउंटरवर बसली. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिकडं सलीमभाईचा स्टूल रिकामाच. दवानं खडू पुसट झाला, तं तिनं चढून पुन्हा गिरवला. टिंब आनखी मोठं केलं. बायको म्हने, "अकोल्याहून नवं 'फ्यु' आनता का मंग?" मी म्हनलं, "राहू दे. घाई काय हाय?"

तिसऱ्या दिवशी मी जरा लवकरच दुकान उघडायले गेलो. पाहतो तं सलीमभाई माह्याही आधी आलेला. त्याचं शटर अर्धंच वर. तोच लाकडी स्टूल बाहेर काढून त्याच्यावर चढलेला, उशी बगलेत. हातात पकड. 'न्यू बहार रेडिओ'चं एक एक अक्षर धरून हालवून पाहून राह्यला होता.

"काय करून राह्यले सलीमभाई?"

त्यानं मागं पाह्यलं नाही. 'ब' धरून जोर लावला अन् म्हने, "कोनतं निंघते थे पाहून राह्यलो."